रोजची संकष्टी

चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. तेही पुस्तकातून नाही, भुकेनं. तोवर मुरगूडच्या बाजूच्या एका खेड्यात वर्षानुवर्षं भूगोल शिकवून, निरोपाचा नारळ घेऊन मी घरी येऊन बसले होते. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता स्वतः आजोबा व्हायला आलीत. त्यांना गाठून "बाळांनो, चंद्राचं जरा वेगळंच निघालं" असं सांगण्यात काही अर्थ नाही. निम्म्यांचे गुडघे गेलेत आणि उरलेल्यांना चंद्राशी देणंघेणं नाही.

मला मात्र आहे. नाइलाज म्हणून आहे.

आम्ही कोल्हापुरात चौथ्या मजल्यावर राहतो. मी, आमचे हे, मुलगा आणि सून. मुलगा नोकरीपायी सारखा बाहेरगावी, सून बँकेत, म्हणजे दिवसभर आम्ही दोघंच. हे लाइटीच्या खात्यात वायरमन होते. खांबावर चढण्यात जन्म गेला. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डोक्यातल्या एकेका खोलीची लाइट जायला लागली. आधी शेजाऱ्यांची ओळख गेली, मग नातेवाइकांची नावं, मग मोरी कुठं आहे ते. एका खोलीतला दिवा मात्र काही केल्या विझेना, आणि नेमका तोच आमच्या जेवणाच्या आड आला.

दिवेलागण झाली की ते खुर्चीतून उठतात, भिंतीला धरत गॅलरीच्या दाराशी जातात आणि विचारतात, "अगं, उगवला काय?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला कळलंच नाही. म्हटलं, "कोण?"

"चंद्र गं. तू उपाशी हाईस न्हवं?"

मी उपाशी नव्हते. संकष्टी महिन्यातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या चौथीला. दिवसभर पोटात काही घालायचं नाही, चंद्र उगवला की त्याला पाण्याचं अर्घ्य द्यायचं आणि मग जेवायचं. लग्न झाल्यापासून मी ती धरत आलेय. पण ह्यांच्या डोक्यातून महिना गेला, वार गेला, तिथी गेली आणि उपास तेवढा राहिला. बायको उपाशी आहे आणि चंद्र उगवल्याशिवाय जेवायचं नाही, एवढंच पक्कं. सोमवार असो, मंगळवार असो, आमच्यात रोजच संकष्टी.

कुणी म्हणेल, थांबावं माणसानं थोडं, बिघडतंय काय? बिघडतं. ह्यांना साखरेची गोळी आहे. ती जेवणाआधी घ्यायची आणि घेतली की अर्ध्या तासात जेवायचंच. एकदा गोळी पोटात गेली आणि हे चंद्रासाठी अडून बसले. मी विनवण्या करतेय, तोवर अंग घामानं निथळायला लागलं, हात कापायला लागले. मला "अहो बाई" म्हणून हाक मारली, परक्या बाईला मारतात तशी, आणि बेसिनपाशी कोसळले. सुनेनं तोंडात साखर कोंबली, शेजारच्यांनी गाडी काढली. डॉक्टर म्हणाले, "आजी, गोळी दिली आणि हे जेवले नाहीत, असं पुन्हा होता कामा नये. पुढच्या वेळी इथवर आणायला सापडतीलच असं नाही."

गोळी नाही दिली तर साखर चढते. दिली आणि जेवले नाहीत तर उतरते. मधे चंद्र.

ही चंद्राची भानगड लागली कुठून? माझ्यामुळंच.

लग्नाला दोन-तीन महिने झाले असतील. मी डी.एड. झालेली, गावातली पहिली शिकलेली सून. गावाला ते माहीत होतंच, तरी मी ते दिवसातून चारदा सांगायची. केसांत एक पिन जास्तच लावायची आणि बोलताना हात हलवायची, फळ्यावर लिहिल्यासारखी. शाळेत मुलींना "मी गेले, मी आले" असं शुद्ध शिकवायची आणि घरी उंबरा ओलांडला की इतर बायकांसारखी "आलो, आलो" करत चुलीपाशी धावायची. तर आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची, संकष्टी होती, म्हणून माझीही. इतर बायका दुपारी शाबूची खिचडी खाऊन घेत. मी म्हटलं, उपास करायचा तर कडक करायचा. संध्याकाळपर्यंत डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. शिकलेली बाई असल्यानं मी ते कुणाला सांगितलं नाही.

थंडीचे दिवस होते. ऊस तुटून गेलेल्या रानांत पाचट पेटवलेलं, सगळ्या शिवारावर धुराचा थर. मी तांब्या-पळी घेऊन अंगणात उभी. घराच्या पूर्वेला माळ होता. त्या माळाच्या कडेला, धुरातून, एक गोल, तांबूस पिवळा उजेड वर आलेला दिसला.

"आत्याबाई, उगवला!" मी एवढ्यानं ओरडले की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

आत्याबाईंना लांबचं दिसत नव्हतं. शिकलेली सून म्हणतेय म्हणजे असेल, म्हणून त्यांनीही हात जोडले. मी अर्घ्य दिलं, अक्षता वाहिल्या, डोळे मिटून मागायचं ते मागितलं. मागितलेला पुढच्या वर्षी मिळालाही. तोच तो, हल्ली बाहेरगावी असतो. मग आम्ही सगळे जेवलो. मी दोन मोदक जास्तच खाल्ले.

खरकटं टाकायला अंगणात आले तर त्या उजेडाच्या शेजारी, हातभर बाजूला, आणखी एक चंद्र वर येत होता. मोठा, सावकाश, कसलीच घाई नसलेला. आत्याबाई दाराशी आल्या, डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या. "अगं, मला दोन दिसायल्यात की! नजर गेली का काय माझी?"

तेवढ्यात हे सायकलवरून आले. पिशवीत पक्कड खुळखुळतेय, तोंडभर हसू. "माळावरचा दिवा बघितलासा काय? आजच चालू केला. येताना मागं वळून वळून बघत आलो. पडलो असतो एकदा."

आत्याबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा माळाकडं. "लेका, तुझ्या बायकोनं त्याला पाणी घातलं. पुजून, जेवून मोकळी बी झाली."

हे सायकल धरून हसायला लागले ते सायकलीसकट खाली बसले. मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. डोळे पुसत म्हणाले, "खात्यात आजवर शिव्या खाल्ल्या. अर्घ्य पहिल्यांदाच मिळालं."

गावाला काय, सणच झाला. आडावर बायका विचारायच्या, "बाई, आज कुठल्या खांबाला निवद?" शाळेत मी चंद्राचा धडा काढला की मागच्या बाकावर खुसखुस सुरू. पुढच्या संकष्टीला ह्यांनी जाहीर केलं, "आता ह्या घरात चंद्र मी पास करणार. मी सांगितल्याबिगर कुणी पाणी घालायचं न्हाय." आणि नुसतं पास करून थांबले नाहीत, तेही जेवायचे थांबले. आत्याबाई म्हणाल्या, "तुला कशाला उपास रं?" तर म्हणाले, "ती उपाशी आणि मी ढेकर देत चंद्र बघू काय?"

तेव्हापासून दर संकष्टीला आम्ही दोघं अंगणात. ते बोट दाखवून सांगायचे, "ह्यो दिवा. त्यो दिवा. त्यो… त्यो बी दिवाच, मीच लावलाय. आता ह्यो चंद्र. दे पाणी." गाव सुटलं, कोल्हापुरात आलो, अंगणाची गॅलरी झाली, दिवे वाढले, तरी हे चाललं. चंद्र पास झाला की आधी त्यांचं ताट वाढायचं, ते जेवायला लागले की मग माझं. नवऱ्याच्या आधी घास घ्यायचा नाही, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. शाळेत मुलींना मी समानतेवर निबंध लिहायला लावायची आणि घरी येऊन ह्यांच्या मागून जेवायची. त्यात काही विसंगत आहे असं त्या पिनवालीला कधी वाटलं नाही.

तर आता ह्या म्हातारपणी मला चंद्राचं वेळापत्रक पाठ करायची वेळ आली.

माझ्या डोक्यात चंद्राचं चित्र होतं ते रहाटाच्या दोन बादल्यांचं. एक वर आली की दुसरी खाली. सूर्य बुडाला की चंद्र वर, चंद्र बुडाला की सूर्य वर. वर्गात मी तेच सांगायची, हातवारे करून. एकदा शाळा भरताना, सकाळच्या वेळी, एका मुलीनं खिडकीबाहेर बोट केलं. "बाई, चंद्र तर आत्ता बी दिसतोय की."

बघितलं तर खरंच. चिंचेच्या शेंड्यावर पांढुरका, खडूचा हात लागल्यासारखा. पण बाईला उत्तर येत नाही असं कसं होईल? मी म्हटलं, "तो कालचा शिल्लक राहिलाय. बस खाली."

हे मी घरी सांगितलं ती दुसरी चूक. ह्यांना आयुष्यभराचा शब्द मिळाला. दिवसा कधी चंद्र दिसला की म्हणायचे, "बाई, शिळा चंद्र आलाय. गरम करून वाढू काय?"

त्यातली गंमत अशी की माझं उत्तर अगदीच खोटं नव्हतं. पौर्णिमेनंतर चंद्र रात्री उशिरा उगवतो आणि सकाळी सूर्य वर आला तरी त्याचं जायचं राहिलेलं असतं. म्हणजे कालचा शिल्लकच की. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आंधळ्याच्या दगडानं पाखरू पडलं होतं एवढंच.

ह्यांच्या रोजच्या संकष्टीत निम्मा महिना सोपा जातो. अमावस्येनंतर चंद्र संध्याकाळी आधीच वर असतो. पहिले काही दिवस मावळतीला, नखाएवढा. मी ह्यांना हाताला धरून स्वयंपाकघराच्या खिडकीत नेते. "ह्यो बघा."

"उगवता चंद्र मावळतीला कसा गं?"

"सकाळीच उगवलाय, सूर्याच्या मागोमाग. उन्हात दिसत नव्हता. आता चाललाय घरी."

"मग वाढ लवकर. त्यो जायच्या आत जेवू."

पुढं अष्टमीला तो दुपारीच उगवून संध्याकाळी डोक्यावर आलेला असतो. तेव्हा तर काहीच त्रास नाही. पौर्णिमेला सूर्य तिकडं बुडतो आणि चंद्र इकडं निघतो. तेवढा एक दिवस माझा रहाट खरा.

आणि मग सुरू होतं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तो थोडा उशिरा. तिसऱ्या दिवशी आणखी. मग तो जेवणाच्या वेळेला येतच नाही. त्यात आमच्या पूर्वेला अपार्टमेंट उठली. पूर्वी आमचा चंद्र क्षितिजावर उगवायचा, आता त्यांच्या पाण्याच्या टाकीवर उगवतो. टाकीनं तो आणखी उशिरा केला.

सगळं करून बघितलं. सुनेनं मोबाईलवर चंद्राचा फोटो काढून दाखवला. हे म्हणाले, "ह्यो मोबाईल हाय." मी म्हटलं, "सकाळी बघितला होता की आपण, शिळा!" तर म्हणाले, "उपासाला शिळं चालत न्हाय." माणसाला बायकोचं नाव आठवत नाही आणि हे बरोबर आठवतं. कधी थकून खुर्चीतच झोपायचे, मग झोपेत चार घास भरवायचे. कधी तेवढंही नाही. आणि ते जेवले नाहीत की मीही नाही. माझीही पित्ताची गोळी आहे, माझीही कंबर आहे, पण त्यांची चौकशी चंद्राकडं नाही.

एका संध्याकाळी मी हात टेकले आणि नको ते केलं. समोरच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर एक गोल दिवा आहे, दुधी काचेचा. मी म्हटलं, "उगवला बघा!" आवाज तोच काढला, अंगणातला.

ह्यांनी कठड्याला धरून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं वळले, आणि दोन वर्षांत बघितलं नव्हतं असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

"खुळे," ते म्हणाले, "दिवा हाय त्यो. परत फसलीस?"

आणि हसायला लागले. सायकल नव्हती म्हणून कठडा धरून हसले. सून स्वयंपाकघरातून धावत आली. मला हसावं की रडावं कळेना. माझं नाव त्यांना येत नव्हतं, पण मी खुळी आहे हे लख्ख आठवत होतं. म्हटलं, चला, काम झालं, आता जेवतील. तर म्हणाले, "खरा उगवंपर्यंत थांबू. मी हाय न्हवं पास करायला."

त्या रात्री ते दूधसुद्धा न घेता झोपले.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, हा चंद्र एवढा छळतोय तर निदान का छळतोय ते तरी कळू दे. सुनेनं मोबाईलवर चित्रं दाखवली, पण मला हातात वस्तू लागते. ह्यांना हॉलच्या मधोमध खुर्चीत बसवलं, ते पृथ्वी. चपलांच्या कपाटावर टेबललॅम्प ठेवला, तो सूर्य. पडदे ओढले. आणि लिंबू हातात धरून मी ह्यांच्याभोवती फिरायला लागले. आयुष्यभर ह्यांच्याभोवतीच फिरत आलेय, पण लिंबू घेऊन पहिल्यांदाच.

लिंबाची निम्मी बाजू कायम उजेडात. दिव्याच्या बाजूला गेलं की उजेडाची बाजू दिव्याकडं, काळी बाजू ह्यांच्याकडं, ती अमावस्या. ह्यांच्या पाठीमागून, जरा उंच धरून नेलं की लिंबू पूर्ण उजळलेलं, ती पौर्णिमा. मधे अर्धं. एवढं सोपं होतं. आणि उशीर का, तर पृथ्वी एक गिरकी घेऊन जागेवर येते तोवर हा बाबा थोडा पुढं सरकलेला असतो, त्याला गाठायला तिला आणखी थोडं वळावं लागतं. तेच ते पाऊण तास.

"मान वळवा जरा," मी म्हटलं.

"कुठवर वळवू? मोडंल की मान."

"अजून थोडी. चंद्र पुढं गेलाय."

"लिंबू नासवू नको. सरबत कर त्याचं."

फिरता फिरता लक्षात आलं, मी सारखी तोंड त्यांच्याकडंच ठेवून फिरतेय. चंद्रही म्हणे असंच करतो, एकच बाजू दाखवतो. माझी पाठ त्यांनी कधी बघितली नाही. बघितली असती तर कंबर नक्की कुठं दुखते ते तरी कळलं असतं.

तेवढ्यात सून बँकेतून आली. पर्स खांद्यावर, दारातच उभी राहिली.

"अहो आई, काय चाललंय?"

"मी चंद्र झालोय," मी म्हटलं.

"आणि बाबा?"

"पृथ्वी."

तिनं चप्पल काढायला दिव्याकडं, म्हणजे सूर्याकडं, पाठ केली. "पृथ्वीनं दुपारचं औषध घेतलं का?"

घेतलं नव्हतं. असं माझं खगोलशास्त्र.

अमावस्येला मी खरं बोलायचं ठरवलं. शिकलेली होते ना. म्हटलं, "आज उगवायचाच नाही. तो सूर्याबरोबर आला आणि सूर्याबरोबर गेला. अमुशा आहे."

ह्यांनी विचार केला. "अमुशाला कसली संकष्टी?"

"तेच तर म्हणतोय. आज उपास नाही."

"मग तू का जेवली न्हाईस?"

"तुम्ही जेवला नाही म्हणून."

"आणि मी तू जेवली न्हाईस म्हणून," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बसलो. मधे भाकरी गार होत होती. शेवटी मी कसेबसे चार घास भरवले. एवढं ढळढळीत उत्तर ताटात वाढून ठेवलेलं होतं, आणि मला दिसलं नाही. आकाशाकडं बघायची सवय लागली होती.

मग पुन्हा पंधरा दिवस बरे गेले. पौर्णिमा झाली. आणि खरी संकष्टी आली.

उपास मी धरला होता. सून म्हणाली होती, "आई, ह्या वेळी सोडा की. तुमचं वय काय!" मी म्हटलं, "मरताना सोडीन." असली वाक्यं मला अजून येतात. दिवसभर पाणी आणि एक केळं. संध्याकाळी मोदक केले, वरणभात केला. आकाशात ढग नव्हते पण चंद्र टाकीच्या वर यायला नऊ तरी वाजणार होते, हे आता मला लिंबामुळं कळत होतं. मी ठरवलं होतं की गोळी द्यायचीच नाही, नऊनंतर बघू. टेबलावर पाण्याच्या भांड्याजवळ ती काढून ठेवली होती आणि मी वरणाला फोडणी द्यायला आत गेले.

बाहेर आले तर गोळी नाही.

"इथली गोळी कुठाय?"

"घेतली की," हे म्हणाले. शहाण्या मुलासारखे. इतर दिवशी गोळी द्यायची तर मिनतवाऱ्या कराव्या लागतात.

सून गॅलरीतले कपडे काढत होती, ती तिथंच थांबली. आम्ही दोघींनी घड्याळाकडं बघितलं. मी ताट वाढलं, वरणभात कालवला, घास पुढं केला. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

"आधी चंद्र."

"येतोय. तुम्ही खा तोवर."

"तू उपाशी हाईस."

"बाबा, एक घास," सून म्हणाली. "माझ्यासाठी."

"हिनं अजून काय खाल्लं न्हाय," ते तिला सांगायला लागले, मी तिथं नसल्यासारखं. "चंद्र बघितल्याबिगर ती खात न्हाय. एकदा फसली हुती. म्हणून मी थांबतोय."

सुनेनं साखरेचा डबा काढून हाताशी ठेवला. मी पुन्हा घास पुढं केला, पुन्हा तोंड बंद. त्यांच्या कपाळावर बारीक घाम दिसायला लागला. पंखा चालू होता. डाव्या हाताची बोटं टेबलावर टकटक वाजत होती, ती ते वाजवत नव्हते. मला बेसिनजवळची फरशी आठवली. आणि मग, का कोण जाणे, अमावस्येचा तो प्रश्न. मग तू का जेवली न्हाईस?

मी त्यांच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले. त्यांच्यासाठी वाढलेलं ताट माझ्याकडं फिरवलं. मोदक उचलला आणि अख्खा तोंडात घातला.

"आई!" सून म्हणाली. "तुमचा उपास!"

तोंड भरलेलं होतं, म्हणून मी तिला नुसता हात केला, गप बस असा. माळावरच्या दिव्याची ती रात्र सोडली तर नवऱ्याआधी घेतलेला जन्मातला पहिला घास. तोही संकष्टीचा, चंद्राआधी. गोड होता. मी भाताचा घास घेतला. आणखी एक घेतला. मोठ्यानं चावून, तोंड उघडं ठेवून, मुलांना कधी खाऊ दिलं नाही तसं खाल्लं.

ह्यांनी बघितलं. भुवया वर गेल्या.

"उगवला काय?"

"मग? न उगवता जेवतो काय मी?"

"मला न सांगता बघितलास?"

"तुमचा डोळा लागला होता."

ते पुढं झुकले. संशय पुरता गेला नव्हता. "दिवा तर न्हवं?"

"न्हाय. दोनदा बघितला."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. जबडा हलत होता. तो काही खोटं बोलत नव्हता. त्यांनी हात लांब केला आणि ताट आपल्याकडं ओढलं. "मग मला वाढ की. एकटीच खातीस व्हय?"

सुनेनं दुसरं ताट मांडलं आणि तोंड फिरवून आत गेली. आत नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ. ह्यांनी वरणभात खाल्ला, दोन मोदक खाल्ले. घाम सुकला. बोटं शांत झाली. "मीठ कमी हाय," म्हणाले. मला एवढा थकवा आला की मीठ आणायला उठवेना. तिथंच बसून राहिले, उष्ट्या हातानं, खरकटं सुकेपर्यंत.

आता रोज मी आठला जेवायला बसते, त्यांच्या आधी, त्यांच्या समोर. चंद्र कुठं आहे ते मी बघत नाही. मी जेवतेय म्हणजे तो उगवलाय, असा त्यांचा हिशेब बसलाय.

पण त्या रात्रीचं राहिलं. भांडी आवरून मी गॅलरीत आले, तांब्यात थोडं पाणी होतं. हे दाराशी खुर्चीत पेंगत होते. टाकीच्या मागं उजेड झाला आणि चंद्र वर आला, तांबूस, एका बाजूनं किंचित चेपलेला. ह्यांनी डोळे उघडले.

"अगं, त्यो दिवा बघ."

"कुठला?"

"त्यो, टाकीवरचा. ब्येस लावलाय. कुणी लावला गं?"

मी त्यांच्याकडं बघितलं. ते खरंच विचारत होते. पास करणारा माणूस.

"तुम्हीच की," मी म्हटलं.

"मी? कधी?"

"लई वर्षं झाली."

"अजून चालतोय की!" त्यांना बरं वाटलं. मान तिरकी करून बघत राहिले, सायकलवरून मागं वळून बघायचे तसे.

तांब्यातलं पाणी मी कठड्याशी उभी राहून तुळशीच्या कुंडीत ओतलं. हात जोडायला विसरले.

"खुळे," ते मागून म्हणाले, "दिव्याला कुणी पाणी घालतं व्हय?"